अण्णांची वजावट

जुलै लागला की अण्णा, माझे वडील, वर्षभराची औषधांची बिलं मांडीवर घेऊन तळहाताने सपाट करत बसतात. त्यांचा विमा नाही, त्यामुळे त्यांच्या औषधपाण्याचा खर्च कर भरताना माझ्या उत्पन्नातून वजा होतो. फक्त तो रोखीने केलेला चालत नाही. हे अण्णांना इतकं पाठ आहे की ते औषधवाल्याला बजावतात, "थांब, मुलगा फोनवरून पैसे पाठवेल." मग मला दरवर्षीचा प्रश्न, "माझ्यामुळे किती वाचले रे?" मी आकडा सांगितला की ते सुनेला हाक मारतात, "ऐकलंस का गं? फुकट नाही जेवत मी!"

यंदा नव्या पद्धतीने कर कमी बसतो. मी दोनदा हिशेब करून पाहिला. पण त्या पद्धतीत ही वजावट नाही.

"किती रे?" अण्णांनी विचारलं.

खोटा आकडा माझ्या तोंडून निघत नाही. "या वर्षी काही नाही, अण्णा. नव्या पद्धतीत औषधं धरत नाहीत."

"बरं," एवढंच म्हणाले. सुनेला हाक मारली नाही.

स्वतःच्या घरात राहायलाही माणसाला कारण लागतं का? म्हातारपणी लागत असावं. तुम्ही हवे आहात, एवढं मला म्हणता आलं असतं. पण आई गेल्यापासून आम्ही दोघं आकड्यांपलीकडे फारसं बोललेलो नाही.

संध्याकाळी अण्णा औषधं आणायला गेले. मी फोन हातात धरून बसलो. औषधवाल्याचा निरोप आलाच नाही. अण्णांनी पैसे रोख दिले होते.