घंटा दिली. कुणी आलं न्हाय.

चर्चचं दार उघडण्याआधी बाबा ते तीनदा वाजवायचे. किल्ली त्यांच्याच हातात, कुलूप त्यांनीच आदल्या संध्याकाळी लावलेलं, आत चिटपाखरू नाही हे त्यांना पुरतं ठाऊक. तरी टकटक करायचे, जरा थांबायचे आणि मगच किल्ली फिरवायचे.

"आत कोण असणार, बाबा?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"देवाचं घर हाय, मास्तरीणबाई. आवाज दिल्याबिगर शिरू नये." मग आवाज उतरवून म्हणाले, "आन् साप बी असतोय कवाकवा. त्यालाबी जायला वेळ द्यावा."

तुमच्यापैकी कुणी त्या काळात येडशी स्टेशनावर उतरलं असेल, तर रुळांपलीकडची ती काळ्या दगडाची, उतरत्या छपराची बुटकी इमारत नक्की पाहिली असेल. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी आपल्या गावाकडच्या चर्चची आठवण म्हणून ती बांधून घेतली होती. दगड इथला, पाथरवटही इथले. घंटा आणि एका खिडकीच्या रंगीत काचा तेवढ्या बोटीनं आलेल्या. बाबांचे वडील त्या पाथरवटांपैकीच. बांधकाम संपेपर्यंत ते ख्रिस्ती झाले आणि राखणदार म्हणून तिथंच राहिले. बाबांचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाला. गाव त्यांना बाबाच म्हणायचं. नाव घेऊन हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

निजामी गेली, गोरे साहेब बिऱ्हाड आवरून आपल्या देशी गेले. मागं राहिलं चर्च, त्यामागचं लहानसं कब्रस्तान आणि बाबा. सोलापूरहून पाद्रीसाहेब दोन-अडीच महिन्यांतून एकदा यायचे. प्रार्थनेला माणसं सहा: स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला, त्याची बायको, दवाखान्यातल्या नर्सबाई, एक म्हातारं जोडपं आणि बाबा स्वतः.

आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्याच वर्षी मी येडशीच्या शाळेवर रुजू झाले. चैत्रात अशी वावटळ सुटली की शाळेचे पत्रे उडून पार शेतात जाऊन पडले. लिंबाखाली वर्ग भरवायला लागले. तिसऱ्या दिवशी बाबा आले. पोरांकडं बघत उभे राहिले.

"पोरं करपतील की हितं. आमच्याकडं चला."

"चर्चमध्ये? लोक काय म्हणतील, बाबा?"

"देवळात शाळा भरती, मशिदीत भरती. आमच्याच देवानं काय पाप केलंय?"

पुढची दीड वर्षं माझी शाळा त्या चर्चमध्ये भरली. जाड भिंतींमुळं आत गारवा असायचा. सकाळी रंगीत खिडकीतून लाल-निळं ऊन पाट्यांवर पडायचं. खिडकीत खांद्यावर कोकरू घेतलेला येशू होता. त्याला बघून पहिलीतल्या एकानं विचारलं, "बाबा, ह्यो धनगर कुठला?"

मी दटावणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "लांबचा हाय. पर धनगरच हाय, बरूबर वळखलंस."

शाळेत नाव घालायच्या वेळी जन्मतारीख कुणालाच माहीत नसायची. मग आम्ही सरसकट एक जून लिहायचो. माझी निम्मी शाळा एकाच दिवशी जन्मली होती. पण गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याची मरियम आली, तेव्हा बाबांनी तारीख, वार, वेळ सगळं घडाघडा सांगितलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"हाय ठाऊक," म्हणाले आणि झाडू घेऊन निघून गेले.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, तहसील कचेरीची एक नोटीस आली. चर्च बेवारस दिसते, शाळा तिथे तात्पुरती आहे, धान्याच्या गोदामासाठी घ्यायचे आहे, कुणाची हरकत असेल तर पाहणीच्या दिवशी मांडावी. पाद्रीसाहेब तेव्हा आजारी होते. त्यांचं उत्तर आलं, की तुम्हीच सांभाळून घ्या. सरकारी मराठी उमजेना म्हणून बाबांनी नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"बेवारस म्हंजी?"

"ज्याला कुणी नाही ते."

त्या दिवशी बाबांनी दुपारची भाकरी खाल्ली नाही.

मला एक युक्ती सुचली. पाहणी रविवारी होती. मी म्हटलं, "गावातली पन्नास-साठ माणसं आणून बाकांवर बसवू. साहेबाला काय कळतंय?"

बाबांना माझ्यावर रागावलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. "खोटी माणसं बसवून देवाचं नाव घ्यायचं? मग ते गोदामच की वो, बाई. पोत्यांऐवजी माणसं, एवढंच."

रविवारी कचेरीचे साहेब आले. तरुण होते, घाईत होते. माझी युक्ती बारगळली होती; मी आपली दाराशी उभी. पण कसं कोण जाणे, मरियमची आई लेकीचा हात धरून आली होती.

"प्रार्थनेला किती लोक येतात?" साहेबांनी विचारलं.

"सहा. मला धरून," बाबा म्हणाले. "आज चारच आलेत."

मी डोळे मिटून घेतले. साहेब लिहायला लागले, तशी मरियमची आई पुढं झाली. पदर सावरत म्हणाली, "साब, ही माझी लेक हितं जन्मली. त्या बाकाच्या मागं."

साहेबांची लेखणी थांबली.

"पोलीस ॲक्शनचे दिस होते. बाहेर माणसं फिरत होती, आमच्या वस्तीला आग लावलेली. बाबांनी आम्हा अकरा घरांस्नी आत घेतलं आन् दारात बसून राहिले. चार दिस. मी पोटुशी होते. हिचं नाव आम्ही मरियम ठेवलं. आमच्यात बी चालतंय, त्यांच्यात बी."

साहेबांनी बाबांकडं पाहिलं. "खरं आहे?"

"व्हय. त्याच्या आधी रझाकारांच्या वक्ताला शेतकऱ्यांची बायकापोरं व्हती. आधी आली ती माणसं निराळी, नंतरची निराळी. रडणं सारखंच हो, साहेब."

"कुठं नोंद आहे का?"

बाबा आतून एक जाडजूड वही घेऊन आले. पहिली पानं इंग्रजीत, वळणदार शाईत: गोऱ्या साहेबांची लग्नं, बाळांचे बाप्तिस्मे, तापानं गेलेल्यांची दफनं. मग इंग्रजी संपलं आणि बाबांचं वाकडंतिकडं मराठी सुरू झालं. साहेब मोठ्यानं वाचू लागले. 'रविवार. झाडलं. घंटा दिली. कुणी आलं न्हाय.' पुढचा रविवार. 'झाडलं. घंटा दिली. सांधेवाला आला.' त्यापुढं, 'घंटा दिली. कुणी आलं न्हाय.' पानामागून पान. मध्येच एका पानावर अकरा घरांतल्या माणसांची नावं, आणि खाली: 'पहाटे पिंजाऱ्याला मुलगी. दोघी बऱ्या.' त्याच्यापुढं पुन्हा, 'झाडलं. घंटा दिली.'

दहा वर्षांत एक रविवार चुकला नव्हता.

"कुणी आलं नाही, तरी घंटा का दिली?" साहेबांनी वही मिटत विचारलं.

"कुणाला यायचं असलं तर त्याला कसं कळावं, देव हाय घरात म्हणून?"

साहेबांनी कागदावर लिहिलं, 'इमारत वापरात आहे.' निघताना त्यांनी दाराबाहेर येऊन पायात बूट घातले. ते कधी काढून ठेवले होते, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढं शाळेची नवी खोली झाली, आणि माझी बदली आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला झाली. मी बाबांच्या पाया पडायला गेले, तर घाईघाईनं मागं सरले. "आमच्यात पाया पडत न्हाईत," म्हणाले आणि लगेच, "पर पडलाच हायसा तर सुखी ऱ्हावा."

चारेक वर्षांनी नर्सबाईंचा निरोप आला, की बाबा गेले. सकाळची मोटार धरून मी येडशीला पोचले. चर्चमागच्या कब्रस्तानात, गोऱ्या साहेबांच्या थडग्यांशेजारी, पिंजारी आणि सांधेवाला मिळून मुरूम खणत होते. सगळं गाव जमलं होतं, पण ख्रिस्ती माणसाला निरोप कसा देतात ते कुणाला ठाऊक? कुणी बुक्का आणला होता, कुणी अत्तर. बायकांनी शेवंतीची फुलं आणली होती. सगळेच अवघडून उभे.

पाद्रीसाहेबांची गाडी उशिरा आली. त्यांनी धापा टाकत गर्दीकडं पाहिलं आणि नर्सबाईंना हळूच विचारलं, "आपली माणसं कुठं आहेत?"

नर्सबाईंनी नुसता सगळ्यांकडं हात केला.

पाद्रीसाहेबांनी मराठीत प्रार्थना म्हटली. छोटीच. ती संपली, ते थांबले. सांधेवाल्याला हुंदका आवरेना, नर्सबाई खाली मान घालून रडत होत्या. बाकी कुणाला पुढं काय म्हणायचं ते माहीत नव्हतं.

मग बायकांमधून मरियमच्या आईचा आवाज आला, "आमीन."

आणि तो ऐकून सगळं गाव म्हणालं. कुणी आमीन, कुणी आमेन. मीही म्हटलं.