रिकामं मनगट

"हात दावा, पावणं!"

आयसीयूच्या दाराशी तिथल्या आयाबाई, मावशी, असं म्हणाल्या की तालमीतला गडीसुद्धा मुकाट हात पुढे करायचा. मावशी हातांचा वास घ्यायच्या. साबणाचा वास नाही आला, की पाहुणा नळाकडे रवाना. एकदा मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी परत पाठवलं. "शिकल्यालं हात आपोआप धुत्यात व्हय?"

मी तिथल्याच लॅबमध्ये. मावशी ज्या जंतूंना दारात अडवायच्या, ते मी प्लेटवर वाढवून बघते. तुम्हाला वाटेल, ते कुठून लांबून येतात. छे! आपल्याच नाकात, कातडीवर गुण्यागोविंदाने नांदतात. जखम दिसली की उलटतात.

मावशींचे यजमान एसटीचे ड्रायव्हर, गडहिंग्लजच्या गाडीवर. एकदा गाडी पुलावरून खाली जाता जाता वाचली. तेव्हापासून मावशींनी मनगट क्षणभरही रिकामं ठेवलं नव्हतं. कासाराकडे हिरव्या बांगड्या भरतानाही एक जुनी हातात ठेवायच्या.

मग चार नंबरच्या खाटेवर सिझर झालेली पोरगी आली. टाक्यांत पू, ताप उतरेना. बाहेर तिची आई तान्हं बाळ घेऊन बसलेली. आम्ही सगळ्या कर्मचाऱ्यांच्या हातांचे नमुने तपासले. मावशींच्या प्लेटवर जंतूंचे सोनेरी ठिपके उगवले. पोरीच्या जखमेतही तेच. कुणाकडून कुणाला गेले, देव जाणे. पण सांगणं भाग होतं.

"मी तर घासून धुतो की, पोरी!"

"बांगड्यांखाली राहतात ते, मावशी. काढाव्या लागतील."

"मालक आत्ता ष्टेरिंगवर हायत. आन् मी हात मोकळं करू?"

मावशींनी काचेतून चार नंबरकडे पाहिलं. मग साबणाचा फेस करून एकेक बांगडी उतरवली. शेवटच्या बांगडीपाशी थांबल्या. तीही काढली.

लगेच फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा. एवढी शिकलेली मी, पण मीही घाबरले.

"काय गं? स्टँडवर च्या पितोय."

"काय न्हाय. घ्या सावकाश," म्हणून मावशींनी फोन ठेवला.

पोरगी वाचली. मावशी त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रोज मोकळ्या हातांनी दाराशी उभ्या राहिल्या, आणि गडहिंग्लजची गाडी पोचायच्या वेळेला रोज पांढऱ्याफटक पडायच्या.

आता तिथे दुसरी बाई आहे. स्वभावाने गोड. "जावा की आत," म्हणते सगळ्यांना. लॅबमध्ये ते ऐकू येतं आणि मी आणखी एक प्लेट काढून ठेवते.