पँटवाल्याला सांगायचं न्हाई

"सात पंचे किती?" अभिमन्यू सरांनी विचारलं.

म्हाळूनं वर पत्र्याकडं पाहिलं, मग खाली स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "म्हाईत न्हाई."

वर्गाची बाई, अंजना, दाराशी उभी होती. याच म्हाळूनं सकाळी लंगडी घालता घालता तिला सतराचा पाढा म्हणून दाखवला होता.

"बरं, राहू दे. तुझे वडील काय करतात?"

"म्हाईत न्हाई."

"घरी मेंढ्या आहेत ना तुमच्या?"

"म्हाईत न्हाई."

"अरे, मग ते दारातलं कोकरू कुणाचं?"

म्हाळूनं बाहेर बघितलं. कोकरू त्याचंच, त्याच्याच मागं मागं वर्गापर्यंत आलेलं. "कुणाचं का आसंना," तो म्हणाला. "मी आजच बघतोय त्याला."

सरांनी टॅबवर बोट टेकवलं. पुढचं नाव स्वप्नाचं. आठ वर्षांची ही पोर भेळीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नसे. सरांनी धडा उघडून दिला. तिनं पुस्तक दोन्ही हातांनी नीट धरलं, ओठ गच्च मिटले आणि डोळे एकेका ओळीवरून फिरवत पान संपवलं. ती वाचत होती, अंजनाला दिसत होतं. ऐकू मात्र कुणालाच आलं नाही.

अकराच्या अकरा पोरांचं तेच.

सर बाहेर आले, बाटलीतलं पाणी प्याले. माणूस वाईट नव्हता. वस्त्यांवर वर्ग चालवणाऱ्या संस्थेचा तपासनीस तो, बीडहून निघून सकाळपासून चार वस्त्या करून आला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. "बाई, तुम्ही वर्षभर इथं करता काय?"

"येतं त्यांना, सर. सगळं येतं."

"येत असेल. पण माझ्या टॅबमध्ये दोनच खाने आहेत. 'उत्तर दिले' आणि 'प्रतिसाद नाही'. 'येत असेल' असा खाना संस्थेनं ठेवलेला नाही." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "पुढच्या मंगळवारी परत येतो. तेव्हाही असंच झालं तर वर्ग बंद. पोरांची नावं खाली गावातल्या शाळेत."

गाव पाच किलोमीटर, मधे ओढा. मुलगे जातील एखाद वेळेस. स्वप्ना आणि बाकीच्या चार पोरींच्या हातात मात्र दुसऱ्याच दिवशी काठी येईल आणि त्या मेंढरांमागं जातील. हे अंजनाला कुणी सांगायला नको होतं. तिच्या बरोबरीच्या सगळ्या पोरी तशाच गेल्या होत्या.

अंजना याच माळावरची. शिरूर कासारच्या वरच्या अंगाला, झाडांपेक्षा दगड जास्त असलेल्या या माळावर मेंढपाळांची सोळा घरं, त्यातलं एक तिच्या बापाचं. वर्गात पोरं तिला बाई म्हणत, वर्ग सुटला की अक्का. पोरं का बोलत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तिचाही पहिला धडा तोच. इथं पोराला अक्षर फार नंतर येतं. आधी येतं ते हे, की पँटवाल्याला सांगायचं न्हाई. पँटवाला म्हणजे बंदीच्या रानात मेंढरं पकडणारा फॉरेस्टचा गार्ड, मेंढरं हेरत फिरणारा चोर, नाहीतर कागद घेऊन आलेला कुणीही. मेंढरं किती, चरतात कुठं, बाप कुठं गेला, सगळ्याला उत्तर एकच.

नुसतं शिकवून सोडत नसत. परीक्षाही घेत. कुणाचा तरी लांबचा पाहुणा, पोरानं कधी न पाहिलेला, उसनी पँट घालून यायचा. हातात गोळ्या. गोड बोलायचा. आणि खरी मेख अशी, की घरचंच जाणतं माणूस शेजारी बसून म्हणायचं, "सांग की बाळा, चांगला माणूस हाय, सांग." सांगितलं की पोर नापास. मग आठ दिवस साऱ्या वस्तीचं हसू. सहा वर्षांच्या अंजनाला लिंबागणेशहून आलेल्या असल्याच एका पाहुण्यानं तासभर छळलं होतं. तिनं तोंड उघडलं नाही. बापानं तिला खांद्यावर घेऊन सोळाही घरांतून मिरवली होती. आयुष्यात तिला मिळालेली पहिली शाबासकी ती.

त्या शाबासकीनं पुढं तिचा घात केला. डी.एड.ला लेखी परीक्षेत ती पहिल्या पाचात, आणि तोंडी परीक्षेत दोनदा नापास. समोर खुर्चीत पँटवाले सर बसत, "तुमचं गाव कोणतं?" एवढंच विचारत, आणि हिची जीभ टाळूला चिकटे. गाव ठाऊक नव्हतं असं नाही. आतून कुणीतरी तोंडावर हात दाबून धरायचं. तिसऱ्यांदा ती पास झाली, कारण त्या वर्षी परीक्षक म्हणून एक मॅडम आल्या होत्या. त्या साडीत होत्या.

सर गेले तशी ती तडक तात्याबाकडं गेली. तात्याबा म्हणजे वस्तीतला सगळ्यात जाणता माणूस, अंजनाचा सख्खा चुलता. बाभळीखाली बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होता.

"तात्याबा, पोरं बोलंनात."

"कुणाला?"

"साहेबाला."

"मग चांगलंय की." त्यानं काटा उन्हाकडं धरून बघितला. "तूबी न्हवती बोलत."

"चांगलं काय चांगलं! वर्ग बंद पडंल माझा. स्वप्नी मेंढरांमागं जाईल."

"मेंढरांमागं जाऊन कुणी मेलंय व्हय गं? मी हाय की जित्ता."

"तात्याबा, तुमच्या पाया पडते. एका दिवसापुरतं सांगा त्यांना. तुमी सांगितल्याबिगर ती तोंड उघडायची न्हाईत."

म्हाताऱ्यानं मेंढीचा पाय सोडला. मेंढी सुटून उड्या मारत गेली. "अंजने, माझा धाकटा भाऊ पाच वर्साचा आसताना एका पँटवाल्याला बोलला. बाप कुठं गेला, तर म्हनं मेंढरं घिऊन तिकडं, फॉरेस्टच्या तारंच्या आत. सांजच्याला गार्ड आलते. अर्धी मेंढरं कोंडवाड्यात गेली आन त्यातली निम्मी तितंच मेली. पोरगं पुढं जलमभर बोलायचंच न्हाई नीट. दोन सबुद बोललं की थांबायचं." त्यानं हात झटकले. "तो भाऊ मंजी तुझा बाप."

अंजनाला हे ठाऊक नव्हतं. मागं वारलेला बाप कमी बोलायचा, एवढंच तिनं पाहिलं होतं.

"तरीबी सांगा," ती म्हणाली. "मी हात जोडते."

"बरं," तात्याबा म्हणाला. "सांगतो."

सोमवारी वर्ग सुटताना तो आला. पटका काढून मांडीवर ठेवला आणि पोरांना जवळ बसवलं. "हे बघा रं. उद्या त्यो पँटवाला येनार हाय. चांगला माणूस हाय. त्यो जे इचारील ते समदं सांगायचं. कळलं का?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. म्हाळूच्या ओठांच्या कडेला हसू आलं, त्यानं ते गिळलं. स्वप्नानं मान डोलावली. "व्हय तात्याबा. समदं सांगू."

अंजनाच्या अंगावरचं मणाचं ओझं उतरलं. त्या आनंदात ते हसू तिच्या ध्यानातच आलं नाही.

मंगळवारी सर आले. पोरांना धीर यावा म्हणून तात्याबा मुद्दाम दाराशी येऊन बसला. सरांनी खिशातून गोळ्यांची पुडी काढली, या वेळी आठवणीनं आणलेली.

"म्हाळू, सात पंचे?"

म्हाळूनं गोळ्यांकडं पाहिलं. मग दारातल्या तात्याबाकडं पाहिलं. मग छाती काढून म्हणाला, "म्हाईत न्हाई."

"सांग की बाळा," तात्याबा दारातून म्हणाला. "चांगला माणूस हाय."

आणि त्या क्षणाला अंजनाला सगळं लख्ख दिसलं. अनोळखी पँट, गोळ्या, शेजारी बसून "सांग की" म्हणणारा जाणता माणूस. पोरं परीक्षेलाच बसली होती. जिवापाड देत होती. फक्त ती दुसरीच परीक्षा होती, आणि तीत अकराच्या अकरा पहिल्या नंबरानं पास होत होती. स्वप्नाची पाळी आली तेव्हा तिनं पुस्तक मिटून सरांच्या मांडीवर परत ठेवलं आणि ताठ मानेनं तात्याबाकडं बघितलं.

"प्रतिसाद नाही," सर हळूच म्हणाले, आणि टॅब बंद करायला लागले.

"थांबा!"

आवाज कुणाचा हे अंजनालाच आधी कळलं नाही. तोंडावरचा तो हात आयुष्यात पहिल्यांदा पुरता निघाला होता.

"सर, थांबा. असं लिहू नका. हा म्हाळू. याला सतरापर्यंत पाढे येतात. पहाटं चारला उठतो. बाप रामहरी मेंढरं घेऊन टाकीमागच्या फॉरेस्टच्या रोपवनात शिरतो, तेव्हा हा तार वाकवून धरतो. उजाडायच्या आत मेंढरांची खांड बाहेर काढतो, आणि झोप डोळ्यांवर घेऊन दहाला वर्गात हजर. एक दिवस चुकला नाही, सर! ही स्वप्ना. हिचे आईबाप खालच्या रोपवनाकडं असतात, ओढ्याच्या अंगाला. ही आजीजवळ राहून स्वैपाक करून येते. आठ वर्षांची पोर, सर! यांना काही येत नाही असं म्हणता? यांच्याइतकं कुणाला येतं?"

ती धाप लागेपर्यंत बोलत राहिली. अकराही पोरांची नावं घेतली, त्यांच्या बापांची घेतली, कोण कुठं जातं, किती वाजता जातं, सगळं सांगितलं. सर थक्क होऊन ऐकत होते. त्यांनी टॅब पुन्हा उघडला आणि भराभर लिहून घ्यायला लागले.

"टाकीमागचं म्हणजे कुठलं, बाई?"

"ते वरचं. नवी झाडं लावलीत ना, ते."

"लिहितो. शेऱ्यात सगळं लिहितो. वरच्यांना पटलं तर बघू. पण खाना काही मला बदलता येणार नाही." ते उठले. जाता जाता थांबले. "बाई, काय बोलता हो तुम्ही! यातलं थोडं पोरांत उतरलं असतं ना, तर मला पहिला खाना भरता आला असता."

गाडीची धूळ खाली बसली तेव्हा अंजना वळली. म्हाळू जागेवर नव्हता. मागच्या खिडकीतून उडी टाकून तो बापाला गाठायला माळावरून पळत सुटला होता. कोकरू त्याच्यामागं. तात्याबानं पटका डोक्याला गुंडाळला आणि तिच्याकडं न बघता निघून गेला.

"बाई," स्वप्ना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमी कावून सांगितलं?"

दिवस कलायच्या आत वस्ती हलायला लागली. घोड्यांवर बाजा, वाकळा, भांडी चढली, वरती पाय बांधलेल्या कोंबड्या. कुणी आरडाओरडा केला नाही, तिला शिवी दिली नाही. तिला बघितलं की बोलणं थांबायचं, एवढंच. ती या दारावरून त्या दारावर जात राहिली.

"तात्याबा, त्यो साहेब फॉरेस्टचा न्हाई. शाळेचा हाय."

"आसंल."

"चांगला माणूस हाय त्यो."

"चांगलाच आसंल. पन टिपून घेतलं नव्हं त्यानं?"

ती स्वप्नाच्या आजीकडं, बायनाबाईकडं धावली. "काकू, स्वप्नीला ठिवा माझ्याजवळ. मी शिकवते तिला. पोटच्या पोरीवानी संभाळते."

बायनाबाई वाकळेची घडी घालत होती. तिनं घडी पुरी केली, घोड्यावर टाकली, दोर आवळला. "तुज्याजवळ?" ती म्हणाली. मग तिनं घोडं पुढं काढलं.

खांड पुढं निघाली. अंजना त्यांच्याबरोबर चालू लागली, मग पळू लागली. "कुठं बसनार तेवढं सांगा! मी तितं यीन. झाडाखाली शिकवीन. पगार नको मला, वर्ग नको. तात्याबा, निस्तं गाव सांगा!"

कुणी सांगितलं नाही. दगडांवर खुरांचा आवाज, घोड्यांच्या गळ्यातल्या घंट्या. स्वप्ना आजीचा पदर धरून चालली होती. एकदाही तिनं मान वळवली नाही.

ओढ्याच्या अलीकडं तात्याबा थांबला. मेंढरं पुढं जाऊ दिली आणि काठीवर भार देऊन तिच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, म्हणून तिला जास्त भीती वाटली.

"माघारी फीर, पोरी," तो म्हणाला. "तू जितकं मागं येशील, तितकं आमाला लांब जावं लागंल."

अंजना जागच्या जागी थांबली.