तिखटात घातलेले हात

मिरजेहून निघाले त्या दिवशी आईने लोणच्याची बरणी फडक्यात बांधून माझ्या बॅगेत ठेवली आणि वर बजावलं, "चमचा कोरडा घाल गं." लोणचं कसं घालायचं ते मात्र तिने मला कधीच शिकवलं नव्हतं. कैऱ्या फोडायला बसले की म्हणायची, "ऊठ, अभ्यास कर. हे कुणालाही येतं." मी उठले, अभ्यास केला आणि सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरीला लागले.

तिथे कायम राहायचा परवाना, पीआर, मिळाला त्या वर्षी आई पहिल्यांदा माझ्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर आली. मॉल बघून चार दिवसांत कंटाळली. म्हणून तिला घेऊन कोरियातल्या एका खेड्यात गेले. धावपळ करायची नाही, एकाच जुन्या घरात आठवडाभर राहायचं, त्यांच्यासारखं जमिनीवर झोपायचं, असा बेत. तिथली जमीन खालून शेकलेली. "चुलीपाशी निजल्यासारखं वाटतंय," आई खूश.

घरमालकीण सत्तरीची. हिवाळ्याची किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं लोणचं, घालायचे दिवस होते आणि तिची मुलगी त्यासाठी सोलच्या बँकेतून रजा टाकून आली होती. मिठात मुरलेल्या लांबट कोबीच्या पानापानांत लाल तिखट भरायचं. आमच्यासाठी मासळीशिवायची वेगळी परात. आई पदर खोचून बसली. म्हातारी कोरियनमध्ये बोले, आई मराठीत, "मीठ बेतानं हो!" आणि दोघींचं झकास चाललं होतं. मी बसायला गेले तर आई म्हणाली, "तू फोटो काढ. ऑफिसचे हात तुझे, झोंबेल."

नवा डिजिटल कॅमेरा घेऊन मी उभी. म्हातारीने ताज्या पानाची गुंडाळी करून आईच्या तोंडाशी धरली. दुसऱ्याच्या घरी चहासुद्धा पन्नासदा विचारल्याशिवाय न घेणाऱ्या आईने चक्क आ केला. मग तिने स्वतः एक गुंडाळी केली आणि त्या मुलीला भरवली. "खा गं बाई, दमलीस."

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच बँकेतली, आणि घास तिला!

कॅमेरा खिडकीत ठेवला आणि दोघींच्या मध्ये घुसून बसले.

"अगं, झोंबेल!"

"झोंबू दे!" मी जरा ओरडलेच.

म्हातारीने काही न कळता सरकून जागा दिली. मग आई हळूच म्हणाली, "पान फाडू नकोस. देठाकडून भरत ये."

हात दोन दिवस चुरचुरत होते. तेल लावायला आई मागे लागली, मी लावू दिलं नाही.

आता कैरीच्या दिवसांत मी रजा टाकून मिरजेला येते. बॉस विचारतो, घरी फंक्शन आहे का? मी हो म्हणते. लोणच्यासाठी एवढ्या लांबून, म्हणून तुम्ही घरची सगळी मंडळी हसता. हसा. तुम्ही तिच्याजवळ वर्षभर बसता, आणि त्याचा मला अजूनही हेवा वाटतो. घर कुठलं, असं कुणी विचारलं, की मिरजेचा पत्ता आठवत नाही, बुकित बातोकचाही नाही. "झोंबेल गं" असं म्हणत आई विळी माझ्याकडे सरकवते, तेवढी जागा आठवते.