शेवटच्या खाचेतला मास्टर

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की नव्वदच्या दशकात बसवनगुडीतल्या आमच्या घरी सत्तांतर झालं. रक्त सांडलं नाही, थोडी कॉफी सांडली. घडवलं ते तळहाताएवढ्या एका हिरव्या कार्डानं.

वडील शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं कटिंगचं टेबल, आणि सगळी गल्ली त्यांना 'मास्टर' म्हणायची. त्यांना विचारल्याशिवाय तिथं बटणसुद्धा टाकलं जात नसे. त्याच खोलीत अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, लग्नपत्रिका करायला कॉम्प्युटर मांडला. वडिलांची अट एकच: रविवारी जे पहिलं गिऱ्हाईक येईल, त्याच्यासमोर नवरा-नवरीचा फोटो पडद्यावर दिसला तर अर्धी खोली तिची. नाही दिसला तर पेटारा माळ्यावर.

फोटो आत घ्यायला स्कॅनर, आणि स्कॅनरसाठी ते कार्ड. मी इंजिनिअरिंगला, म्हणून व्याख्यान माझ्याकडे. "साधं कार्ड कण न् कण प्रोसेसरच्या हातात देतं, मग तो मेमरीत नेऊन ठेवतो. हे कार्ड बस मास्टर आहे. वाट स्वतःच्या ताब्यात घेतं आणि माल थेट मेमरीत टाकतं. प्रोसेसर मोकळा."

"कुठली बस?" वडिलांनी विचारलं.

"आतला रस्ता हो, अण्णा."

"आणि मोठ्याला विचारत नाही?"

"एकदा परवानगी घेतं. मग नाही."

"असला मास्टर मी आठवडाभर ठेवणार नाही," वडील म्हणाले, आणि कार्डाची जागाही त्यांनीच ठरवली. नवा कारागीर शेवटच्या मशीनवर बसतो, हा आमच्याकडचा कायदा. कार्ड कॉम्प्युटरच्या बोर्डावरच्या शेवटच्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसलं.

रविवारी पहिलं गिऱ्हाईक म्हणून एका नवरदेवाची मावशी फोटो घेऊन आली. अक्कानं बटण दाबलं. स्कॅनरनं घसा खाकरला, दिवा बोटभर सरकला आणि कॉम्प्युटर ठार गोठला. पुन्हा केलं, पुन्हा गोठला.

"लाजतोय आमचा मुलगा," मावशी म्हणाल्या. वडिलांनी माळ्याकडे नजर टाकली.

मी कार्ड विकणाऱ्याच्या घरी फोन लावला. कुठल्या खाचेत बसवलंय ते ऐकून तो पोटभर हसला. "त्या बोर्डावर शेवटच्या खाचेला मास्टरकीचा अधिकारच नाही. पहिल्या खाचेत घाला."

मी ते मोठ्यानं सांगितलं. वडिलांनी आधीच मान हलवायला घेतली होती. "नव्या माणसाला एकदम पहिल्या..."

वाक्य पुरं व्हायच्या आत अक्कानं कॉम्प्युटर बंद केला, झाकण काढलं, स्क्रू वडिलांच्या टाचण्यांच्या डबीत टाकला आणि कार्ड उपटून पहिल्या खाचेत दाबलं. वडिलांना न विचारता त्या खोलीत झालेलं हे पहिलं काम. मावशींची कॉफी हिंदकळून बशीत आली.

दिवा सरकू लागला आणि सरकतच राहिला. पडद्यावर आधी नवरदेवाचा भांग उतरला, मग कपाळ, मग मिशी. मिशीला मावशींनी टाळ्या वाजवल्या. फोटो असा वरून खाली उतरत असतानाच अक्का शेजारच्या चौकटीत वधूपित्याचं नाव टाइप करत होती, आणि यंत्र कुठंही अडखळत नव्हतं.

वडील वाकून पाहत राहिले, कधी स्कॅनरकडे, कधी तिच्या बोटांकडे.

"म्हणजे तो त्याचं काम करतोय, आणि कुणी डोक्यावर उभं राहायला नको?"

"नको, अण्णा."

त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. चपला शोधता शोधता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सरी, ठीक आहे. मग अर्धी खोली तू बघ, मी जरा चकाट्या पिटून येतो."