फुकटचं तेज

माझ्या नवऱ्याची आत्या जगात कुणावरही विश्वास ठेवत नसे. बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून बघायची आणि चेहरा ओळखल्यावरही विचारायची, "कोण?" कळव्याच्या बाजारात सुरमईचा कल्ला स्वतःच्या बोटाने उचलायची. कोळीण चिडली की म्हणायची, "अगं, तुझ्यावर नाही, माशावर संशय आहे." आम्ही तिला फौजदार म्हणायचो. लग्नात मला घाम फुटला, तर या बाईने भर मांडवात विचारलं होतं, "मुलीला काही आहे का?" असा राग आला होता मला!

आमच्या डोंबिवलीच्या घरी गौरींचं पुरण आत्याच घालायची. पाळी गेलेली बाई, ऐन सणात अडचण यायची भीती नाही, असा सासूबाईंचा सरळ हिशेब. पुरण घालताना दरवर्षी आत्या विचारणार, "वेलची जुनी नाही ना गं?" आणि दरवर्षी सासूबाई चिडणार.

एका वर्षी मात्र आत्या आली आणि बाहेरच्या खोलीतच बसून राहिली. म्हणे गुडघे दुखतायत. "वन्संना माझं काहीतरी खटकलंय," सासूबाई धुसफुसल्या. मला वेगळीच शंका आली. गुडघे दुखणारी बाई जिने चढून आलेली, आणि समोरच्या लोणच्याच्या बरणीला हात लावत नव्हती. "तूच वाढ गं," म्हणाली.

मी तिला गॅलरीत गाठलं. "आत्या, खरं सांगा."

"हसू नकोस. परत सुरू झालंय. होळीपासून, अधूनमधून."

साठी उलटलेली बाई! सासूबाईंना सांगितलं, तर त्या उलट खूश. "अहो वन्सं, चांगलंच की! तरीच चेहऱ्यावर तेज आलंय."

"या वयात फुकट तेज कोण देतं, वहिनी?" आत्या म्हणाली.

"मग इतके महिने गप्प का बसलात?" मी ओरडलेच. "माशाचा कल्ला उघडून बघता आणि स्वतःचं रक्त लपवता?"

"लाज वाटली गं." घाबरलेली आत्या मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

गौरी गेल्या आणि मी तिला ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अंडाशयावर गाठ निघाली, कॅन्सरची. ती गाठच हार्मोन तयार करत होती, म्हणून या वयात रक्त जात होतं. ऑपरेशन नीट झालं. तरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही पुष्कळ वर्षांनीही परत येऊ शकते. तपासायला येत राहा." आत्या एकदम खूश. "स्वतःच्या कामावर संशय घेणारी डॉक्टर पहिल्यांदा बघितली!"

पुढच्या गौरींना नेमकी माझी अडचण आली. मी बाजूला बसायला निघाले, तर आत्याने पुरणयंत्र माझ्यापुढे सरकवलं. "घाल पुरण."

"आत्या, अहो, मला..."

"ठाऊक आहे. तेच लपवण्यापायी मी मेले असते." सासूबाई बघतच राहिल्या. आत्यानेही नजर हटवली नाही. शेवटी सासूबाई फुलं निवडायला निघून गेल्या.

बऱ्याच वर्षांनी गाठ परत आली. या वेळी आत्याने लपवलं नाही, लगेच मला फोन केला, "संशय येतोय गं, ये." सगळे उपचार केले, पण गेल्या वर्षी ती गेलीच. फार चुटपुट लागते.

यंदा पुरण मीच घातलं, आणि नेमकी अडचणीतच. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्यांनी ओट्यावरचा डबा उचलला, झाकण उघडलं, आत बघत राहिल्या.

"वेलची जुनी नाही ना गं?" त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.