पोस्टरखालची पट्टी

जुना कागद पाण्यात सोडला की पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग एखादा कोपरा हलतो, एखादी घडी आपोआप उलगडते, आणि चित्रातल्या मातकट झालेल्या लुगड्याला बघता बघता पुन्हा हिरवा रंग येतो. त्या वेळी मला दाराची बेल ऐकू येत नाही, कुकरच्या शिट्ट्याही नाहीत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले तेव्हापासून सिनेमाची जुनी पोस्टरं जमवायची, नीट करायची, मांजरपाटावर डकवून ठेवायची, हा माझा नाद आहे. शाहूपुरीतल्या आमच्या घराची मागची खोली या कागदांनी केव्हाच बळकावली. घरचे म्हणतात, बाई पाण्यात गेली. म्हणोत बापडे.

हे पोस्टर हातकणंगल्याच्या एका किराणा दुकानातलं. सामानाच्या मांडणीला मागून लावलेल्या फळीवर कुणीतरी ते कधीकाळी चिकटवलं होतं. दुकान मोडायला काढलं तेव्हा दुकानदारानं फळीसकट मला देऊन टाकलं. विहिरीवर वाकलेली एक बाई, मागं धुळीतून येणारा घोडेस्वार. आणि खाली, नेमकी तिच्या पावलांवर, टॉकीजवाल्यांनी चिकटवलेली हातानं लिहिलेली पट्टी: आजपासून, रोज तीन खेळ. या पट्ट्या मला पहिल्यापासून खुपतात. चित्रकारानं जीव लावून पावलं काढायची आणि यांनी त्यावर कागद थापायचा! पट्टी दिसली की मी काढतेच. आजवर किती काढल्या, त्याची गणती नाही.

फळीवरून पोस्टर सोडवायलाच आठवडा गेला. ते सुटलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला.

"ताई, हातकणंगल्यास्नं बोलतोय. टॉकीजला हुतो मी. आमचं काम तुमच्याकडं आलंय म्हनं. एकदा बघायचं हाय."

नंबर दुकानदारानंच दिला होता. मला वाटलं, पोस्टर चिकटवणारे कुणी असतील. म्हटलं, "या की मामा, उद्याच या."

पाहुण्यापुढं मळकं पोस्टर कसं ठेवायचं? सकाळी लवकर उठून मी ते ट्रेमध्ये सोडलं. थोड्या वेळानं पट्टीवरच्या अक्षरांतून निळा रंग सुटायला लागला. आधी एक बारीक धागा निघाला, वळला, पसरला, मग दुसरा. खिडकीतून ऊन थेट पाण्यावर पडलं होतं. सगळं पाणी निळं झालं आणि त्या निळ्याच्या तळाशी ती बाई विहिरीत वाकून बघत राहिली. मीही तशीच वाकून बघत होते. वेळ कुठं गेला कळलं नाही. इतकं सुख मला क्वचित झालंय, हे कबूल करायला हवं. मग बोटानं पट्टी सोडवली. तिचा लगदाच झाला, तो घंटागाडीत गेला. पाणी मोरीत ओतलं. खालून पावलं निघाली, पैंजणांसकट.

मामा सकाळच्या गाडीनं आले. पांढरा शर्ट, टोपी, हातात केळ्यांची फणी. मी त्यांना टेबलाशी नेलं. त्यांनी त्या बाईकडं पाहिलं नाही, घोडेस्वाराकडंही नाही. चष्मा पुसला, खाली वाकले, पोस्टरच्या खालच्या कडेवरून हात न लावता बोट फिरवलं.

"पट्टी कुठं हाय, ताई?"

"काढली की!" मी म्हटलं. कौतुकाची वाट बघत होते मी. "बघा ना, पावलं कशी निघालीत."

ते खुर्चीवर बसले. मग माझ्याकडं न बघता सांगायला लागले.

"टॉकीजच्या पट्ट्या मी लिवायचो. रेघ मी मारायचो आन् आत रंग आमची मंडळी भरायची. तिला वाचता येत न्हवतं. कुठलं अक्षर भरतीया, तिला ठावं न्हाय. पर रेघंच्या भाईर कधी गेली न्हाय बघा. दिवाळीच्या आधी गेली. फोटू हाईत, लुगडी हाईत. तिच्या हातचं काय न्हाय. ही एकच पट्टी ऱ्हायलेली. बरण्यांच्या मागं दिसायची. साखर घ्याय म्हून रोज जायचो मी."

पट्टी वाळत घातलीय, नंतर पाठवते, असं खोटं सांगायचं मनात आलंही. ते जमलं नाही.

"मामा, सकाळीच पाण्यात विरघळली. पाणी मी मोरीत ओतलं." आणि मला रडू फुटलं. साठी उलटलेली बाई मी, परक्या माणसासमोर हुंदके देत उभी राहिले.

"डिंकातला रंग तो. विरघळणारच की," ते म्हणाले. उलट मलाच समजावत होते. उठून ते ट्रेपाशी गेले. काठावर निळ्या रंगाची एक रेष वाळून बसली होती. ती त्यांनी बोटावर घेतली आणि बोट कशालाही न पुसता तसंच धरून ठेवलं.

मला काहीतरी करायलाच हवं होतं. मी कपाटातून लांब कागद काढला, निळा रंग कालवला, चांगल्यातला चांगला ब्रश त्यांच्या हातात दिला. "मामा, तुम्ही पुन्हा लिहा. मी तुमच्यासमोर डकवते, होती तिथंच. झाकू देत पावलं."

त्यांनी ब्रश धरला. पकड अजून पक्की होती, हात जरासुद्धा हलत नव्हता. कागदाकडं बघत राहिले.

"रेघ मी मारतो की, ताई," ते म्हणाले. "भरायचं कुणी?"

'मी भरते' हे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. ते गिळून मी ब्रश त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला.